विनाकारण अटक, बेकायदा कोठडी आणि नुकसानभरपाई: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या कोर्टाच्या आवारात लोक जे विचारतात, त्यातले बरेचसे प्रश्न इथे घेतले आहेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले. वकील मंडळींच्या तोंडात अजून जुनेच आकडे असतात, म्हणून गरज पडेल तिथे दोन्ही दिले आहेत.

निर्दोष सुटलो. आता सरकार भरपाई देईल ना?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त निराशाही याच उत्तराने होते. निर्दोष सुटलेल्याला आपोआप पैसे देणारा कायदा आपल्याकडे नाही. तसा कायदा करावा, त्यासाठी खास न्यायालयं नेमावीत, अशी शिफारस विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ च्या २७७ व्या अहवालात केली होती. ती कागदावरच राहिली.

अक्षरधाम खटल्यातून २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानेच निर्दोष सोडलेल्या माणसांनी भरपाई मागितली, तेव्हा २०१६ मध्ये त्याच कोर्टाने ती नाकारली. प्रत्येक सुटकेनंतर भरपाई द्यायची तर चुकीचा पायंडा पडेल, असा त्यामागचा विचार. तो पटो न पटो, वस्तुस्थिती ही आहे.

तुम्ही गुन्हा केला नव्हता, एवढ्यावर भरपाई मिळत नाही. तुम्हाला पकडताना किंवा आत ठेवताना कायदा मोडला गेला, हे दाखवलं तर मिळू शकते. ‘संशयाचा फायदा’ देऊन सुटलेला माणूससुद्धा बेकायदा कोठडीबद्दल भांडू शकतो. उलट, ससन्मान सुटलेल्या माणसाची अटक नियमाने झाली असेल तर त्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

मग भरपाईला आधार कशाचा?

राज्यघटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा. त्याच्या जोडीला कलम २२. अटकेचं कारण सांगणं, वकिलाला भेटू देणं आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं ही बंधनं तिथून येतात.

याची सुरुवात झाली १९८३ च्या रुदुल शाह खटल्यापासून. बिहारमधला हा माणूस १९६८ मध्ये निर्दोष ठरला, पण तुरुंगाबाहेर आला ऑक्टोबर १९८२ मध्ये. चौदा वर्षं तो कशासाठी आत होता, याचं धड उत्तर सरकारकडे नव्हतं. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने आधी दिलेले ५ हजार धरून ३५ हजार रुपये द्यायला लावले आणि शिवाय दिवाणी दावा करायची वाट मोकळी ठेवली. रक्कम तेव्हाही तुटपुंजीच होती. पण मूलभूत हक्क तुडवला तर रिट याचिकेतच (म्हणजे हक्कासाठी थेट वरच्या कोर्टात केलेल्या अर्जातच) पैसे देता येतात, हे त्या दिवशी ठरलं.

१९८५ मध्ये जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना विधानसभेला जाऊ न देता अडकवून ठेवल्याबद्दल ५० हजार मिळाले. १९९३ च्या नीलाबती बेहरा खटल्यात कोठडीत मेलेल्या मुलाच्या आईला दीड लाख मिळाले आणि ‘सरकारला सार्वभौम संरक्षण आहे’ हा बचाव अशा याचिकांत चालणार नाही, हेही स्पष्ट झालं. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये ५० लाख मिळाले.

आपल्या जवळचं उदाहरण २०१९ चं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या दरोडा-खून प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी झाली होती. घरातल्या जखमी साक्षीदाराने पोलिसांच्या फोटो अल्बममधून या सहा जणांपेक्षा वेगळीच माणसं ओळखली होती आणि तपासात तीच बाब बाजूला सारली गेली. सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना सोडलं, प्रत्येकी ५ लाख द्यायला सांगितलं आणि तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करा असंही बजावलं. सोळा वर्षांचे पाच लाख. भागाकार ज्याचा त्याने करावा.

“फक्त चौकशीला बोलावलंय” म्हणून पोराला नेलं आणि रात्रभर बसवून ठेवलं. याला अटक म्हणायचं का?

उठून घरी जायची मोकळीक होती का? नसेल तर ती अटकच, ठाण्याच्या वहीत काहीही लिहिलेलं असो. माणसाला अडकवून ठेवलं त्या क्षणापासून अटक सुरू होते, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच म्हटलं आहे.

प्रत्यक्षात काय होतं? दुपारी दोनला उचलतात, रात्री नवाला ‘अटक’ लिहितात. मधल्या सात तासांत माणूस कागदावर कुठेच नसतो. मारहाण बहुतेक त्याच सात तासांतली. म्हणून घरच्यांनी सगळ्यात आधी सिद्ध करून ठेवायची गोष्ट म्हणजे उचलल्याची वेळ.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात तर आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते (नवं कलम ३५, जुनं ४१-अ). नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर कारण लिहून ठेवावं लागतं. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात हे ठणकावून सांगितलं. गुन्हा तीन वर्षांहून कमी शिक्षेचा आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा आजाराने खचलेला असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. गावातल्या भांडणात म्हाताऱ्या आबांनाही गाडीत घालून नेलं जातं, तेव्हा हे कलम कुणाला आठवत नाही.

२४ तास कसे मोजायचे? मधे रविवार आला तर?

रविवार, दिवाळी, पोळा, कशाचीही सूट नाही. सुट्टीच्या दिवशी रिमांडसाठी दंडाधिकारी नेमलेले असतात. फक्त प्रवासाचा वेळ वगळतात, तोही खरोखर लागला तेवढाच. नव्या कलम ५८ नुसार कुठल्याही दंडाधिकाऱ्यापुढे उभं करता येतं, त्याला त्या गुन्ह्याची हद्द असो वा नसो. त्यामुळे ‘कोर्ट लांब होतं’ ही सबब आता आणखी लंगडी झाली आहे.

भाऊ पावरी बोलतो, मराठी जेमतेम समजतं. कागदावर अंगठा घेतला. चालतं का?

चालत नाही, आणि धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यात तरी हे प्रत्येकाला माहीत असायला हवं. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि तीही त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत. लगेच लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगून, रिमांडला उभं करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यायची. हे पाळलं नाही तर अटक बेकायदा ठरते.

‘सही कर भो, लगेच सोडतो’ हे वाक्य ज्याने ऐकलं आहे, त्याला याचं मोल कळेल. वकिलाने पहिल्याच रिमांडला विचारावं: कारणं कोणत्या भाषेत दिली, वाचून कुणी दाखवली, दुभाषा होता का? मात्र या मुद्द्यावर सुटका झाली म्हणजे खटला संपला असं नाही, आणि भरपाईही त्याच्यामागून आपोआप येत नाही.

कोणते कागद जपून ठेवायचे?

भरपाईची सगळी लढाई पहिल्या दोन दिवसांच्या कागदांवर उभी राहते. वर्षभराने वकिलाकडे येणारा माणूस हकिगत तासभर सांगतो आणि पिशवीतून काढतो काय, तर जामिनाची एक झेरॉक्स.

अटकेचा फॉर्म आधी मिळवा. त्यावर वेळ असते आणि एका साक्षीदाराची सही असते, तो घरचा माणूस किंवा गावातला प्रतिष्ठित असावा लागतो. मग रिमांड रिपोर्टची प्रत घ्या. ‘२१.१५ वा. अटक’ असं त्यात असतं. ती वेळ आणि तुमच्या मोबाइलमधली वेळ शेजारी शेजारी ठेवा. पोराला नेलं तेव्हा तुम्ही भाच्याला, सरपंचाला, वकिलाला फोन केलेच असतील. त्या कॉलची नोंद, व्हॉट्सॲपवर टाकलेला ‘दादाला पोलिसांनी नेलं’ हा मेसेज, चौकातल्या दुकानाचा कॅमेरा, हे सगळे तुमचे साक्षीदार आहेत. रात्रीच पोलिस अधीक्षकांच्या कार्यालयाला ईमेल किंवा नियंत्रण कक्षाला फोन करून ठेवला तर वेळेचा वाद उरतच नाही.

ठाण्यातल्या सीसीटीव्हीबद्दल सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे: चित्रीकरण १८ महिने ठेवायचं, यंत्रणेची तेवढी क्षमताच नसेल तरी वर्षाच्या खाली यायचं नाही. ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर येणारच. म्हणून ‘अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रीकरण जपून ठेवा’ असा अर्ज त्याच आठवड्यात रजिस्टर पोस्टाने पाठवा. पोचपावती फेकू नका. ठाणे दैनंदिनीची, म्हणजे ठाण्यातल्या रोजच्या नोंदवहीची, प्रत माहिती अधिकारात मागा. माणूस आत असेल तर ‘जीवित व स्वातंत्र्याशी संबंधित माहिती’ असं अर्जावर स्पष्ट लिहा, त्याची मुदत ४८ तासांची आहे.

आता कोर्टातला तो एक मिनिट. रिमांडला उभं केल्यावर न्यायाधीश विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” मागे तोच हवालदार उभा असतो. माणूस मान खाली घालून “नाही” म्हणतो, आणि रोजनाम्यात लिहिलं जातं: आरोपीची तक्रार नाही. पुढे उच्च न्यायालयात सरकारी वकील सगळ्यात आधी तेच पान उघडतात. मार लागला असेल तर तिथेच सांगा, अंगावरचे वळ दाखवा, वैद्यकीय तपासणी मागा. जीभ न उचलण्याइतकं भय असेल तर निदान वकिलाला कानात सांगा, तो लेखी अर्ज देईल.

वॉरंट दुसऱ्याचं, नेलं मला. नाव एकच.

खान्देशात हे होणारच. एका गावात एकाच नावाचे तीन पाटील, त्यातल्या दोघांच्या बापांचंही नाव एक. वॉरंट बजावणाऱ्याने वय, पत्ता, वडिलांचं नाव ताडून पाहायचं असतं. तुम्ही ‘तो मी नव्हे’ म्हणून आधार कार्ड दाखवलं आणि तरी नेलं, तर चूक उघड आहे. अशी प्रकरणं भरपाईला सगळ्यात बळकट, कारण तिथे तथ्यांचा वाद उरत नाही. आधार कार्ड दाखवल्याचा साक्षीदार मात्र हवा. पोलिस पाटील किंवा सरपंचाचं लेखी निवेदन त्याच दिवशी घ्या.

दाद मागायची कुठे? आमचा विभाग नाशिक, म्हणजे मुंबई हायकोर्ट का?

महसुली विभाग नाशिक असला तरी जळगाव, धुळे, नंदुरबारची प्रकरणं छत्रपती संभाजीनगरला जातात, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे. मालेगाव-सटाण्याचे नातेवाईक ‘आमची केस मुंबईला चालली’ म्हणतात ते बरोबर आहे, पण ते नाशिक जिल्ह्याचं. गल्लत करून चुकीच्या वकिलाला पैसे देऊ नका.

खंडपीठापुढे राज्यघटनेच्या कलम २२६ खाली फौजदारी रिट याचिका करतात. माणूस आतच असेल तर बंदी प्रत्यक्षीकरणाची (डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा, अशी) याचिका, आणि तो सुटल्यानंतरही त्याच याचिकेत भरपाईचा मुद्दा चालवता येतो. रुदुल शाहची याचिका अशीच होती. पण २००६ च्या सुबे सिंग खटल्याने एक चाळणी लावली आहे: हक्कभंग उघड आणि निर्विवाद हवा. दोन्ही बाजूंचे साक्षीदार तपासल्याशिवाय खरं कळत नसेल, तर उच्च न्यायालय दिवाणी कोर्टाचा रस्ता दाखवतं.

दिवाणी कोर्टात बेकायदा कोठडी किंवा द्वेषमूलक (आकसाने भरलेल्या खोट्या) खटल्याबद्दल दावा लावता येतो. तो वर्षानुवर्षं चालतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

तिसरी वाट मुंबईतल्या राज्य मानवी हक्क आयोगाची. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज साध्या मराठीत चालतो. आयोग भरपाईची शिफारस करतो, हुकूम नव्हे. तीच बाब कोर्टात सुरू असेल तर आयोग सहसा हात घालत नाही, त्यामुळे वाट आधी ठरवा. पोलिस तक्रार प्राधिकरणही आहे, पण तिथे भर असतो तो अधिकाऱ्यावरच्या कारवाईवर.

मुदत किती?

इथे सगळ्यात जास्त लोक बुडतात. मुदत कायद्यानुसार बेकायदा कोठडीच्या दाव्याला सुटल्यापासून एक वर्ष, द्वेषमूलक खटल्याच्या दाव्याला निर्दोष सुटल्यापासून एक वर्ष. त्याच्या आड महाराष्ट्र पोलिस अधिनियमाचं कलम १६१ उभं राहतं: कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसांवरचा दावा सहा महिन्यांत. शिवाय सरकारवर दावा करायच्या आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, ती जिल्हाधिकाऱ्यांना देता येते.

मारहाण हे कर्तव्य होऊच शकत नाही, म्हणून सहा महिन्यांची अट लागू नाही, असा युक्तिवाद वकील करतील. करू द्या. तुम्ही मनात सहा महिनेच धरा. मानवी हक्क आयोगाला एक वर्ष. रिट याचिकेला ठरावीक मुदत नाही, पण तीन वर्षांनी गेलात तर ‘इतके दिवस काय करत होता?’ हा प्रश्न पहिला.

रक्कम किती मिळते?

दरपत्रक नाही. वरची उदाहरणं पाहिली तर ३५ हजारांपासून ५० लाखांपर्यंत पल्ला आहे, आणि सामान्य माणसाची रक्कम बहुतेक खालच्या टोकाला असते. किती दिवस आत, मारहाण झाली का, हातकड्या घालून बाजारातून फिरवलं का, नोकरी गेली का, अधिकाऱ्याने जाणूनबुजून केलं की निष्काळजीपणाने, हे सगळं तोललं जातं.

नुकसान ‘खूप झालं’ म्हणून भागत नाही, दाखवावं लागतं. रावेरचा केळी उत्पादक ऐन कापणीत पंधरा दिवस आत गेला, तर घड झाडावरच पिकतात, व्यापारी थांबत नाही. त्याने सातबारावरची पीकनोंद, मागच्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या विक्रीच्या पट्ट्या, त्या दिवसांतले भाव आणि शक्य तर तलाठ्याचा पंचनामा जोडावा. मजुराने मुकादमाची हजेरी वही, रिक्षावाल्याने कर्जाचा थकलेला हप्ता. वकिलाची फी रोख दिली असेल तरी पावती मागा. वकील कुरकुरेल, तरी मागा.

कलम ३५८ खाली भरपाई मिळते म्हणतात. ती किती?

हजार रुपये, आणि तेही जास्तीत जास्त. आता ते कलम ३९९ आहे. पुरेसं कारण नसताना ज्याने तुम्हाला पोलिसांकरवी अटक करायला लावलं, त्याच्याकडून दंडाधिकारी ते देववतात. नवी संहिता आली तरी आकडा तोच ठेवला. जळगावहून संभाजीनगरला जाऊन-येऊन निम्मे संपतात.

त्यापेक्षा कलम २७३ (जुनं २५०) बरं. दंडाधिकाऱ्यापुढे चाललेल्या खटल्यात आरोप निराधार निघाला तर सोडतानाच खोटी फिर्याद देणाऱ्याला ‘भरपाई का देऊ नये?’ असं विचारता येतं. रक्कम त्या दंडाधिकाऱ्याच्या दंडाच्या अधिकाराइतकी, म्हणजे प्रथमवर्ग असेल तर ५० हजारांपर्यंत. निकालाच्या वेळी तुमच्या वकिलाने आठवण करून द्यायला हवी. बांधाच्या वादातून झालेल्या फिर्यादींत हे कलम वापरलं जायला हवं तेवढं वापरलं जात नाही.

भुसावळला गाडीतून उतरवलं. तक्रार कुणाविरुद्ध?

स्टेशनवर दोन खाकी असतात. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचं, लोहमार्ग पोलिस राज्याचे. उतरवतं एक, गुन्हा नोंदवतं दुसरं, आणि मग दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. याचिकेत दोघांनाही प्रतिवादी करा.

मे २०२३ मध्ये बिहारहून पुणे-सांगलीच्या मदरशांकडे निघालेली ५९ मुलं तस्करीच्या संशयावरून भुसावळ आणि मनमाडला उतरवली गेली. पाच शिक्षकांना अटक झाली, ते सुमारे चार आठवडे आत राहिले, मुलं बालगृहांत. मार्च २०२४ मध्ये गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचं सांगत पोलिसांनी प्रकरण बंद केलं. प्रकरण बंद होणं वेगळं आणि भरपाई वेगळी. पोलिसांच्या अंतिम अहवालाची प्रमाणित प्रत मात्र अशा माणसाच्या हातातला सगळ्यात मोलाचा कागद असते.

एमपीडीएखाली (धोकादायक ठरवलेल्या माणसाला खटल्याविना डांबण्याच्या राज्याच्या कायद्याखाली) वर्षभरासाठी स्थानबद्ध केलं. तिथे भरपाई लागू होते का?

होऊ शकते. २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने जळगाव जिल्ह्यातल्या एका तरुणाची स्थानबद्धता बेकायदा ठरवून दोन लाख रुपये द्यायला सांगितले. या कायद्यात खटला नसतो, जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा आयुक्तांचा आदेशच पुरतो, म्हणून कागद काटेकोर हवेत: आदेशाला बारा दिवसांत शासनाची मंजुरी, कारणं समजणाऱ्या भाषेत, निवेदन करायची संधी. आदेश काढून महिनोन्‌महिने बजावलाच नाही, तर ‘एवढा धोका होता तर थांबलात कशाला?’ हा सवाल कोर्ट विचारतंच.

जामीन झाला, तरी सोडलं नाही.

तेही बेकायदा डांबणंच. जून २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका कैद्याला जामीन आदेशात पोटकलमाचा एक उल्लेख राहिला म्हणून २८ दिवस जास्त ठेवलं, तर सुप्रीम कोर्टाने ५ लाख द्यायला लावले. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. तुम्हीच आधी कळवा. अडचण बहुतेक वेळा जामीनदाराच्या सातबाऱ्याची असते, आणि ती कोर्टाकडून शिथिल करून घेता येते.

पैसे पोलिस देणार की सरकार? आणि नंतर त्रास झाला तर?

देतं सरकार. नंतर ते अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल करू शकतं, कोर्ट कधी तसं सांगतंही. त्रासाची भीती खोटी नाही. ‘चॅप्टर केस (शांतता राखण्याची हमी मागणारी प्रतिबंधक कारवाई) लावू’ ही धमकी सगळ्यांनी ऐकलेली असते. तक्रारीची प्रत एकाच वेळी पोलिस अधीक्षक, आयोग आणि विधी सेवा प्राधिकरणाला गेलेली असली, तर पुढे काही घडल्यावर दाखवायला तारीख असते. एकट्याने ठाण्यात जाऊन बोलणी करू नका.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

कोठडीतला माणूस, स्त्री, बालक, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, अपंग यांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं. तीनही जिल्ह्यांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच आहे, तालुक्याला समिती असते, आणि उच्च न्यायालयातल्या कामासाठी औरंगाबाद खंडपीठाची वेगळी विधी सेवा समिती आहे. फोन १५१००. अर्ज करताना जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला, आधार आणि गुन्हा नोंद क्रमांक जवळ ठेवा. नेमलेला वकील तारखेला येत नसेल तर तो बदलून मागता येतो, आणि त्यासाठी पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. ते सचिव न्यायाधीशच असतात.